खालनं

कौतिकच्या मळ्यात इंजिन सुरू झालं की अख्ख्या शिवारात भज्यांचा वास सुटायचा. निंदणाऱ्या बाया कपाशीच्या ओळीत बसल्या बसल्या नाक वर करायच्या आणि एखादी म्हणायचीच, "कोन भजा तयी ऱ्हायनं वं?" वास खरा, पण भजी नाहीत. विहिरीच्या काठावर ते जुनं काळं इंजिन टुकटुकत असायचं, नळीतून पांढरट धूर निघायचा आणि शेजारी कौतिक डोळे मिटून बसलेला असायचा. झोपलेला नव्हे, आवाज ऐकत. भुकेल्या माणसानं त्या बाजूला जाऊ नये, असं गावात ठरूनच गेलं होतं.

ते आखाती लढाईचं साल. भडगावच्या पंपावर डिझेलसाठी कॅनच्या रांगा लागायच्या आणि रांगेतच दिवस बुडायचा. कौतिक त्या रांगेत दोनदा उभा राहिला, तिसऱ्यांदा गेला नाही. त्यानं करंजाचं तेल आणलं, जळगावच्या रंगाच्या दुकानातून स्पिरिटचा डबा आणला, कॉस्टिक सोडा आणला आणि परसात बसून डिझेल केलं. लोक हसले. मग इंजिन चाललं, तेव्हा हसणारे वास घ्यायला आले.

ही विद्या त्याला पुस्तकातून आली नव्हती. धुळ्याच्या एका कॉलेजात तो चोवीस वर्षं प्रयोगशाळेतला शिपाई होता. सरांनी प्रयोग करायचा आणि कौतिकनं भांडी धुवायची. रसायनाचे एक सर करंजाच्या तेलाचा हा खेळ करत बसायचे. तेल, स्पिरिट आणि सोडा गरम करून ढवळायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी काचेच्या भांड्यात दोन थर दिसायचे. वरचं पिवळंधमक, पातळ. खालचं तपकिरी, दाट, काकवीसारखं. वरचं सर जपून बाटलीत भरायचे. खालच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "कौतिक, हे टाकून दे." कौतिक ते मोरीत ओतायचा, वरून बादलीभर पाणी मारायचा. ती मोरी पुढे कुठे जाते, हे ना सरांनी कधी विचारलं, ना त्यानं.

आमच्या गावात मोरी परसापर्यंत जाते, आणि परस आपलंच असतं.

घरात त्या दोन थरांना नावं पडली. वरनं आणि खालनं. वरनं इंजिनात जायचं. खालनं यशोदाबाईच्या वाट्याला यायचं.

यशोदाबाई ही कौतिकची बायको. उंच, सावळी, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. तिनं आधी खालनं शेवग्याच्या बुडाशी ओतलं. आठ दिवसांत शेवग्यानं सगळी पानं टाकली आणि तो हाडकासारखा उभा राहिला. मग उकिरड्यावर ओतलं, तर उकिरड्यातली गांडुळं वर येऊन उंबऱ्यापर्यंत आली. मग कुणीतरी सांगितलं, गल्लीत शिंपा, धूळ बसते. धूळ बसली खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंदांपैकी सुकदेव आबा पाण्याची कळशी घेऊन त्यावरून गेले आणि तेही बसले. कळशी चेपली, कंबर धरली.

"कौतिक, तुन्हं वरनं तुले लखलाभ," आबा खाटेवरून ओरडले, "पन खालनं मन्हा दारमा नको!"

तेव्हापासून खालनं बाहेर टाकायचं बंद झालं. ते भांड्यांत साठू लागलं. कडेला फुटलेला माठ भरला, गोडेतेलाचे डबे भरले, गुरांची बादली भरली. थंडीत ते थिजायचं, उन्हात वितळायचं. दुपारी यशोदाबाई परसात आडवी झाली की तिला त्या सगळ्या भांड्यांच्या तोंडाशी तपकिरी आभाळ दिसायचं आणि करंजाच्या कडवट वासानं डोळे जड व्हायचे. त्या वासात कसलं तरी गुंगवणारं होतं. शिव्या देता देता ती झोपी जायची.

पण त्या श्रावणात तिला झोपून चालणार नव्हतं. त्या वर्षी कानबाई तिच्या घरी बसणार होती.

आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी येते. नारळाचा मुखवटा, त्याला नथ, हिरवं लुगडं, बांगड्या. एक रात्र ती घरात पाहुणी राहते आणि दुसऱ्या दिवशी गिरणा नदीवर जाते. एका कुळाची एकच कानबाई. कौतिकच्या भावकीत अकरा घरं, म्हणजे एकेका घराला अकरा वर्षांनी पाळी. मागच्या पाळीला यशोदाबाईनं घर सारवून ठेवलं आणि आठ दिवस आधी सासरे वारले. साऱ्या कुळाला सुतक पडलं, पाळी हुकली. दुसऱ्या कुळाची कानबाई दारावरून वाजतगाजत गेली आणि ही दाराआड उभी राहून ऐकत होती. तेव्हापासून अकरा वर्षं ती त्या रविवारची वाट पाहत होती. उत्तरेच्या भिंतीला कुठे चौरंग मांडायचा, आरसा कुठे लावायचा, हे सगळं तिनं मनात इतक्यांदा मांडलं होतं की रिकाम्या भिंतीकडे पाहिलं तरी तिला नथ चमकताना दिसायची.

श्रावण लागला तसं गेल्या वर्षीच्या घरातून कानबाईचं घंगाळ आलं. पितळी, मोठं, दोन कड्यांचं, पण पितळ हे सांगावं लागायचं. बाहेरून काजळीचा बोटभर थर, कडेला तूप आणि गूळ जळून बसलेली पुटं. त्यात नैवेद्याच्या रोटांची, म्हणजे जाड पोळ्यांची, कणीक मळायची, त्यातच खीर शिजायची, बाकी काही नाही. आणि ते घासायचं नाही. नुसतं पाणी मारायचं, पुसायचं, फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायचं. घासलं तर बरकत जाते, असं अक्का सांगायच्या.

अक्का म्हणजे वच्छलाबाई, कौतिकची थोरली काकू, कुळातली सगळ्यांत जुनी बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षं वय, डोळ्यांत फुलं पडलेली, पण नाक आणि जीभ दोन्ही शाबूत. कौतिक तीन वर्षांचा असताना त्याची आई भिकुबाई गेली. अक्कांनीच त्याला आपल्या ताटात जेवू घातलं, न्हाऊमाखू घातलं. आणि जेवता जेवता एक वाक्यही भरवलं, "तुन्ही माय डोंगरकडनी. खाली हात उनी, खाली हात गयी." रिकाम्या हातानं आली, रिकाम्या हातानं गेली, हे वाक्य अख्ख्या कुळाला पाठ होतं. पोरांचं भांडण झालं तरी कौतिकला हेच ऐकावं लागायचं. मोठेपणीही कुणी आंदणाचा विषय काढला की कौतिक उठून गुरांकडे जायचा.

तर घंगाळ आलं, माळ्यावर गेलं, आणि कानबाईला आठ दिवस असताना यशोदाबाई पारोळ्याला गेली. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. चार दिवसांत येते म्हणाली, नवऱ्याला भाकरीचं पीठ दाखवलं, लोणच्याची बरणी दाखवली. घंगाळाचं सांगायचं राहून गेलं. सांगायचं काय त्यात? घरातल्या माणसाला माहीत असणारच की.

घरातल्या माणसाला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं धुळ्यात. कानबाईला आला तरी पुरुषांच्या पंगतीत, ओसरीवर. घंगाळ कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. त्या चार दिवसांत त्यानं नवं डिझेल केलं, भांडी संपली होती, त्यानं माळ्यावर हात घातला. फडक्यात बांधलेलं जुनं काळंकुट्ट काहीतरी लागलं. आंघोळीचं असेल म्हणाला, आणि खालनं त्यात काठोकाठ ओतलं.

यशोदाबाई बुधवारी दुपारी परतली. श्रावणातलं ऊन-पाऊस चाललं होतं. पिशवी ओसरीवर ठेवून ती पाय धुवायला परसात गेली. तिथे घंगाळ होतं, त्यात खालनं, आणि पावसाचे थेंब त्यावर पडून न मिसळता तसेच गोल उभे.  तिला वाटलं, प्रवासानं डोकं फिरलंय, आपल्याला भलतंच दिसतंय.

"हाई काय करी बठनात तुम्ही?" तिचा आवाज इतका हळू निघाला की कौतिक घाबरला. ती ओरडली असती तर तो घाबरला नसता.

"काबरं? काय जयं?"

"कानबाईनं घंगाळ शे ते. रोटनं!"

कौतिकनं घंगाळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.  यशोदाबाई तिथंच ओल्या दगडावर बसली.  अकरा आणि अकरा बावीस वर्षं, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

त्यांनी खालनं काढलं. पाणी मारलं, एकदा, चारदा, दहादा. ताक ओतलं, चिंचेचं पाणी ओतलं, गोमूत्र ओतलं. घासायचं तर नव्हतंच. पुटांमध्ये शिरलेला करंजाचा वास हलेना. नाक आत घातलं की तो डोळ्यांपर्यंत चढायचा.

गावात अशी गोष्ट उंबऱ्यातून निघते ती पाटीभर होऊनच दुसऱ्या उंबऱ्यात शिरते. गुरुवारी सकाळी अक्का आल्या. सून कमलबाईच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी. परसात येऊन त्यांनी घंगाळावर वाकून वास घेतला आणि लुगड्याचा पदर नाकाला लावला.

"माय वं," कमलबाईच आधी म्हणाली, "आते रोटले हाऊ वास येवाव का?"

"रोट कसाना वं," अक्का म्हणाल्या. "हाई भांडं गयं. कौत्या, ऐक. शनवारे सकायले मी यीसू. हाई घंगाळ गिरणामा सोडी देवानं."

"आनि कानबाई?" यशोदाबाईनं विचारलं.

अक्कांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "तुन्हा घरमा बसाव नही. कमल मांडी तिन्हा घर."

"अक्का, माले दोन दिन द्या. मी घासीसन..."

"घासानं नही!" अक्कांची काठी दगडावर आपटली. "घंगाळ घासानं नही, हाई कितला सालथीन सांगी ऱ्हायनू मी?"

 अक्का गेल्या. जाताना कमलबाईनं मागे वळून पाहिलं. तिच्या तोंडावर आनंद नव्हता, पण तिनं वाटेतच चौरंगाचा हिशेब सुरू केला असणार, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरात कानबाई यावी असं कुणाला वाटत नाही?

त्या दिवशी यशोदाबाईनं चूल पेटवली नाही. उत्तरेच्या भिंतीकडे पाठ करून पडून राहिली. कौतिक मळ्यात गेला, इंजिन सुरू केलं, भज्यांचा वास सुटला, आणि त्याला त्या वासाची शिसारी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं इंजिन भर ओलितात बंद केलं. शांततेत बसून तो आपल्या हातांकडे बघू लागला. चोवीस वर्षं भांडी धुतलेले हात. काचेच्या नळ्या, चंबू, करपलेल्या बशा. सरांचं काहीही करपलं, चिकटलं, जळलं, की सर म्हणायचे, कौतिक बघ बाबा. आणि कौतिक बघायचा. कशानं बघायचा? एकदम त्याला आठवलं. मोरीत ओतण्याआधी तो खालच्यातलं वाटीभर काढून ठेवायचा. त्यात कढत पाणी आणि चिमूटभर सोडा घालून भांडी बुडवायचा. घासावं लागायचं नाही, करप आपोआप सुटायची. सरांना त्यानं कधी सांगितलं नव्हतं. शिपायाची अक्कल कोण विचारतं?

तो मळ्यातून जवळजवळ धावत आला.

"ऊठ," तो बायकोला म्हणाला. "खालनंले खालनंज काढी."

"घासानं नही सांगेल शे," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"घासाव नही. शिजाडसूत. अक्कानी घासाले मना करेल शे, शिजाडाले कोठे करेल शे?"

हे ऐकून यशोदाबाईला हसू आलं. ते तिला नको होतं, पण आलं. अशा वेळी हसवणाऱ्या नवऱ्याचं काय करावं, हे आजवर कुठल्या बाईला कळलंय?

शुक्रवारी सकाळी परसात तीन मोठे दगड मांडले. लग्नाकार्यातली गावाची लोखंडी कढई आणली. डबे, माठ, बादली, सगळ्यांतलं खालनं आधी उघड्यावर, विस्तवापासून लांब पसरट घमेल्यांत ठेवून त्यातलं स्पिरिट उडू दिलं. कौतिकनं त्या वेळात कुणाला विडीसुद्धा पेटवू दिली नाही. मग ते कढईत गेलं, पाणी गेलं, सोडा गेला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या पेटल्या. फेस वर आला, खाली बसला, पुन्हा वर आला. आणि त्यात त्या दोघांनी कडी धरून घंगाळ अलगद सोडलं.

घंगाळ त्या तपकिरी फेसात डुलू लागलं. न्हायला बसवलेल्या बाळंतिणीसारखं यशोदाबाईला वाटलं. बारीक पाऊस होता, इतका बारीक की अंगावर पडलेला कळत नव्हता. ती लांब दांड्यानं हलके हलके ढवळत होती. वाफ तोंडावर येत होती, कडवट, उबदार. दांडा फिरवता फिरवता तिचे डोळे मिटायचे आणि वाफेत तिला हिरव्या लुगड्याचा काठ दिसायचा, पायऱ्या चढून येणारी पावलं दिसायची. कुणाची, ते कळायच्या आत पऱ्हाटी तडकायची आणि ती जागी व्हायची. समोर नवरा काड्या सारत बसलेला. दुपार कधी झाली, दोघांनाही कळलं नाही.

"दख," कौतिक म्हणाला.

घंगाळाच्या अंगावरून काळी पापुद्री सुटत होती. आधी एक, वालाच्या सालीएवढी. मग तळहाताएवढी. चाळीस-पन्नास वर्षांचं तूप, गूळ, धूर, सगळं पदरापदरानं गळून फेसात पडत होतं. कुणी बोटही लावलं नव्हतं.

उतरत्या उन्हाला त्यांनी घंगाळ बाहेर काढलं. वाळलेल्या गिलक्याच्या जाळीनं कौतिकनं वरचा मऊ साबण नुसता पुसला आणि यशोदाबाईनं कळशीभर पाणी ओतलं. पितळ निघालं. नुसतं पितळ नाही, पिवळंधमक, बरणीतल्या वरच्या थरासारखं. यशोदाबाईनं आत नाक घातलं आणि तसंच ठेवलं. करंज नाही, काही नाही. पाण्याचा वास.

कौतिक मात्र वास घेत नव्हता. तो कडेवरून अंगठा फिरवत होता. एका कडीपाशी अंगठा थांबला. तिथं खिळ्यानं ठोकून काढलेले ठिपके होते, ठिपक्यांची अक्षरं होती. आमच्याकडे आंदणाच्या भांड्यावर नाव घालतात, तशी. त्यानं डोळे बारीक केले आणि ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय लिखेल शे?" यशोदाबाईनं विचारलं.

"चि. भिकू हिस बाप नथ्थू याजकडून आंदण."

यशोदाबाईला आधी उमगलं नाही. मग तिनं हातातली कळशी खाली ठेवली.

कौतिक मातीत बसला. साबणाच्या हातांनी त्यानं घंगाळ मांडीवर ओढून घेतलं. तो बावन्न वर्षांचा होता आणि त्यातली एकोणपन्नास वर्षं तो खाली हात आलेल्या बाईचा मुलगा होता. त्याला आईचा चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता, पण आता एक वजन मांडीवर होतं. एवढं जड भांडं डोंगराकडून कुणीतरी वाहून आणलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. हाताला सोडा होता.

"अक्कांले..." यशोदाबाई म्हणाली आणि थांबली.

"सकाय यी ती," कौतिक म्हणाला.

शनिवारी सकाळी अक्का आल्या. घंगाळ गिरणेत सोडायला दोन बाया, कमलबाई आणि कंबर धरून का होईना, सुकदेव आबाही आले होते. कौतिकनं घंगाळ ओसरीवर, उन्हाच्या पट्ट्यात ठेवलं होतं. अक्कांना दिसत नव्हतं, पण उजेड कळायचा. त्या उंबऱ्याशीच थबकल्या.

"हाई काय चमकी ऱ्हायनं?"

"घंगाळ शे, अक्का," यशोदाबाई म्हणाली. "घासं नही आम्ही. शिजाडं."

"आपलं नही ते. आपलं कायंकुट्ट शे."

"आपलंज शे." कौतिकनं अक्कांचा हात धरला आणि कडीपाशी नेऊन ठेवला.

अक्कांचा अंगठा ठिपक्यांवर पडला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अंगठा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत न चुकता गेला आणि शेवटी बरोबर थांबला. तो रस्ता त्या अंगठ्याच्या पायाखालचा होता.  सुकदेव आबांनी वाकून अक्षरं वाचली, मोठ्यानं, आणि वाचून झाल्यावर त्यांना वाटलं की मोठ्यानं वाचायला नको होतं.

अक्का हळूहळू खाली बसल्या. काठी बाजूला ठेवली.

"माले माहित व्हतं," त्या म्हणाल्या.

 बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

"तुन्ही मायना लगीनमा हाई घंगाळ मन्हा डोकावर व्हतं. मांडोथीन घरलगून मीज लई उनू. मान मोडी गयी. सासू बठ्ठा गावले दखाडे, दखा, धाकली सूननं घंगाळ. मन्हा बापनी माले एक वाटी बी दिधी नव्हती." त्यांनी ओठ चावले. "खाली हात उनी ती मी, कौत्या. तुन्ही माय नही."

"मंग काबरं सांगं तसं?" कौतिकनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग कुठे ठेवावा, हेच त्याला कळत नव्हतं.

"ती मरी गयी, घंगाळ कानबाईनं जयं. मरेल मानूस उलटी बोलस का? मी सांगं, घासानं नही, बरकत जास. एक साल गयं, दोन साल गयं. नाव झाकाई गयं. मंग माले बी तेज खरं वाटाले लागनं." अक्कांनी फुलं पडलेले डोळे त्याच्याकडे वळवले. "तुन्हा बापले माहित व्हतं. तो काई बोलना नही. त्याना पोऱ्या मन्हा ताटमा जेवे."

कौतिकला बाप आठवला. मुलखाचा अबोल माणूस, कानबाईच्या पंगतीत नेहमी शेवटी बसणारा. त्याला आता त्या अबोल्याचा अर्थ लागला आणि तो आतून हलला. पण समोर बसलेल्या बाईनं त्याला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं, हेही तितकंच खरं होतं. तो उठला.

"अक्का, च्या लेशी?" त्यानं विचारलं.

अक्कांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. यशोदाबाई चहा ठेवायला आत गेली आणि चुलीपुढे बसून पदरात तोंड खुपसून रडली. स्वतःसाठी रडली की न पाहिलेल्या सासूसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चहा झाला. कमलबाईनं घंगाळाकडे पाहत हळूच विचारलं, "मंग आत्याबाई, गिरणावर जावानं का?"

"कसाले?" अक्का म्हणाल्या. "गहू आना. आज रोटना गहू मोजाना शेत. यशोदे, सूप ले."

यशोदाबाईला वाटलं, आपण ऐकलं ते चूक. ती तशीच उभी राहिली.

"उभी काय ऱ्हायनी? कानबाई तुन्हा घर शे ना?"

मग सगळं भरभर झालं. जातं धुतलं गेलं, सूप आलं, गव्हाची पाटी आली. उत्तरेच्या भिंतीपाशी बाया बसल्या. आमच्या रीतीत कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतो, त्याच्याच पिठाचे रोट होतात आणि ते कुळाबाहेर जात नाहीत, उष्टे टाकतही नाहीत. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत नाव घ्यायचं, मूठ टाकायची. बाईची मूठ नसते.

अक्का नावं घेत होत्या. यशोदाबाई मूठ भरत होती. काल दिवसभर खालन्यात राहून तिचे हात लोण्यासारखे मऊ झाले होते आणि दाणे त्यांवरून निसटत होते. सुकदेवची झाली. कौतिकची झाली. कमलबाईच्या चार महिन्यांच्या नातवाची झाली. एकतीस नावं संपली. बायांनी सूप उचलायला हात घातला.

"ठेव," अक्का म्हणाल्या. "एक ऱ्हायनी."

"बठ्ठा जयात, आत्याबाई," कमलबाई म्हणाली. "कोनी ऱ्हायनी?"

"भिकुनी."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "बाईनी मूठ ऱ्हास का?" एकीनं पुटपुटत विचारलं.

"आते ऱ्हाई."

ओसरीवर कौतिक खांबाला टेकून बसला होता. त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं. यशोदाबाईनं पाटीत हात घातला आणि मूठ भरून वर काढली. तोच अक्कांनी चाचपडत तिचं मनगट धरलं, तिच्या मुठीतले दाणे आपल्या ओंजळीत ओतून घेतले, वर थोडे आणखी घ्यायला लावले, आणि सूप जवळ ओढून ते आपल्या हातानं त्यात सोडले. सावकाश सोडले, एकही दाणा खाली पडू दिला नाही.